पिंगळीच्या रुळांमधल्या चिप

परभणी आणि पूर्णा या दोन जंक्शनांच्या मधलं पिंगळी हे लहानसं स्टेशन. निजामाच्या अमलात, १९००च्या सुमारास, मनमाड–हैदराबाद मीटरगेज पडली, तिच्यावरचंच हे. ब्रॉडगेज फार नंतर आलं. आज या मार्गावर दोन रुळांच्या मध्ये, स्लीपरांवर, बॅटरी नसलेल्या चिप बसवलेल्या आहेत. त्यांच्यामागचं आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवण्याचं तंत्र, लोकांना ठाऊक झालं ते फास्टॅगमुळे. पण त्याचं सर्वांत जोखमीचं काम, मला विचाराल तर, टोलनाक्यावर नाही, या रुळांमध्ये चालतं.

या चिप गाड्यांची टक्कर रोखणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेच्या. ही यंत्रणा देशात आधी बसली ती दक्षिण मध्य रेल्वेवर. प्रवासी गाड्यांवरच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६मध्ये सुरू झाल्या, २०२०मध्ये तिला राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली, आणि पहिल्या १,४६५ किलोमीटरांत मनमाड–परभणी–नांदेड हा पट्टा आला.

इंजिनाच्या पोटाखाली रीडर असतो. त्याने सोडलेल्या रेडिओलहरीतूनच चिपला कणभर ऊर्जा मिळते आणि तेवढ्यावर ती आपला क्रमांक आणि ठिकाण सांगून मोकळी होते. साधारण किलोमीटरभराने पुढची चिप. मधल्या अंतरात इंजिन चाकांचे फेरे मोजून आपली जागा काढतं. पण चाक घसरतं, झिजतं, हिशेब सरकतो. पुढची चिप तो दुरुस्त करते. गाडी कुठे आहे हे रेडिओवरून स्टेशनातल्या यंत्राला कळतं, तिथून पुढे किती जायची मुभा आहे ते इंजिनाला कळतं. सिग्नल लाल असून लोकोपायलटने ब्रेक लावला नाही, तर यंत्रणा लावते.

टोलवरची चिप याच घराण्यातली. फेब्रुवारी २०२१पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर ती सक्तीची झाली. मालगाड्यांच्या वाघिणींना, कापडाच्या गोदामांतल्या गठ्ठ्यांना, ग्रंथालयांतल्या पुस्तकांनाही ती लागते. फरक पडतो तो वाचन हुकल्यावर. नाक्यावर रांग वाढते, गोदामात गठ्ठे पुन्हा मोजावे लागतात. रुळांवर तेवढ्याने भागत नाही, म्हणून तिथे चिप जोडीने बसवतात.

गावाकडे बिल्ला म्हटलं की आठवतो जनावराच्या कानातला पिवळा. १ जून २०२४पासून राज्यात त्याच्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. त्यातही चिप असते असं पुष्कळांना वाटतं. नसते. बारा अंक आणि बारकोड, बस्स. जनावर धरून, कान सरळ करून वाचायचा. ऑस्ट्रेलियात गुरांच्या कानात रेडिओ चिपच सक्तीची आहे, त्यामुळे बाजाराच्या फाटकातून कळप जाता जाता नोंद होते आणि रोग कुठल्या गोठ्यातून निघाला ते मागे शोधता येतं. लाळ्या-खुरकूत आणि लम्पी सोसलेल्या मराठवाड्याला हा उपयोग टोलपेक्षा मोलाचा ठरावा.

एका गोष्टीला मात्र रुळांतल्या किंवा कानातल्या चिपकडे इलाज नाही. चरताना रुळावर आलेली लाल कंधारी गाय ‘कवच’ला दिसत नाही. तिच्या कानात चिप घातली तरी ती वाचता येणार फार तर काही मीटरांवरून, आणि धावत्या गाडीला थांबायला शेकडो मीटर लागतात. तिथे रुळालगत कुंपणच घालावं लागतं.