पार्सलाची गाडी आणि धन्याची जबाबदारी

खारघरांत दिवेलागणीच्या सुमारास पाठीवर चौकोनी पेटारा बांधलेल्या दुचाक्यांची रीघ लागते. कोणाचें औषध, कोणाचें जेवण, तर कोणाचीं पुस्तकें. मागविणारा घरीं बसून घड्याळाकडे पाहतो आणि त्याची घाई रस्त्यावर उतरते. अशा गाडीचा धक्का लागून कोणी जायबंदी झाला, तर भरपाई कोणीं द्यावी, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून तो विषय आम्हीं येथें घेतला आहे.

मूळ तत्त्व जुनें आहे. नोकर धन्याचें काम करीत असतां त्याच्या हयगयीनें परक्याचें नुकसान झालें, तर धनीहि जबाबदार ठरतो. नोकर काम सोडून केवळ स्वतःच्या मौजेसाठीं भलतीकडे गेला, तर धनी सुटतो, असें इंग्लंडांतील न्यायमूर्ति पार्क ह्यांनीं १८३४ सालीं सांगितलें. मात्र धन्याच्या कामावर असतां थोडी वाकडी वाट केली, एवढ्यानें ती सुटका होत नाहीं.

आपल्याकडील एक खटला ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९६० सालीं नागपुराहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार रस्त्याच्या उजव्या कडेस जाऊन झाडावर आदळली. ती कंपनीचा मॅनेजर चालवीत होता. त्यानें सोबत घेतलेले गृहस्थ मरण पावले. उच्च न्यायालयानें कंपनीस सोडलें. सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं तो निकाल फिरविला. मॅनेजर कंपनीच्या कामावर होता, आणि मोटार भलत्या बाजूस जाऊन झाडावर आदळते ही गोष्टच हयगयीची साक्ष देते, असें त्या न्यायालयानें ठरविलें.

आजचा गुंता निराळा आहे. पेटारा वाहणारा तरुण कागदोपत्रीं नोकर नसतो. कंपनी त्यास ‘भागीदार’ म्हणते. (नफ्याच्या वाटणीच्या वेळीं हें नातें कोठें जातें, कोण जाणे!) दुचाकी त्याची स्वतःची, म्हणून नोंदणीकृत मालक या नात्यानें दायित्व प्रथम त्याच्यावर येतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें परक्यासाठींचा विमा सक्तीचा केला आहे. परंतु खासगी वापराचा विमा काढून गाडी भाड्याच्या कामास लावली, तर विमा कंपनीस हरकत घेतां येते. मग हजारों रुपयांचा नव्हे, लाखोंचा बोजा त्या गरिबाच्या माथीं येऊं पाहतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिनें अशा कामगारांची दखल घेतली खरी, पण रस्त्यावरील जखमीस पैसे कोणीं द्यावेत हें ती सांगत नाहीं. आमच्या मतें वेळ, दर व दंड जी ठरविते, तिनें धन्याची जबाबदारीहि पत्करावी.

अपघात पाहणाऱ्यानें गाडीचा क्रमांक व पेटाऱ्यावरील नांव टिपावें; त्या क्षणीं ती गाडी कोणाचें पार्सल नेत होती, ह्यावर पुढील बरेंच अवलंबून असतें. जखमीस इस्पितळांत नेण्यास कोणीं भिऊं नये. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा मदतनिसास संरक्षण दिलें असून, त्याचें कायद्यांतील नांव शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्यावरूनच घेतलें आहे.

भरपाईचा अर्ज अपघात झाला तेथील किंवा आपण राहतों तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करतां येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिजविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली गेली असली, तरी अर्ज तिच्या आंतच करावा. गाडी पळून गेली व सांपडलीच नाहीं, तर मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये सरकारी योजनेंतून मिळतात.