दोष ओतकामातला, शोध मूळ कारणाचा

पुण्याहून बेंगळूरुकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने कोल्हापूर गाठण्यापूर्वी, पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. येथील ओतशाळांमध्ये, म्हणजेच फाउंड्रींमध्ये, वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतून ट्रॅक्टर, मोटारी, पंप आणि व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग घडविले जातात. भट्टीतून लॅडलमध्ये आणि लॅडलमधून साच्यात उतरणारा तो तांबूस-पिवळा रस पाहताना नवख्या माणसाचे डोळे दिपतात. परंतु ओतशाळेच्या कर्तृत्वाची खरी कसोटी त्या वेळी लागत नाही. साचा फोडून, वाळू झाडून नग तपासणीच्या मेजावर येतो, तेव्हा ती लागते. तेथे एखादे छिद्र, एखादी तडा किंवा अपुरी भरलेली कड दिसली की नग नापसंत ठरतो आणि पहिला प्रश्न उमटतो : चूक कोणाची?

हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. ‘चूक कोणाची’ याऐवजी ‘कारण कोठले’ असे विचारावयास हवे. या दोन प्रश्नांमध्ये किती अंतर आहे, हे समजावून सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चरकापासून मोटारीपर्यंत

कोल्हापूरचा ओतकाम उद्योग शेतीच्या गरजेतून वाढला. उसाचे चरक, पाणी उपसण्याचे पंप आणि ऑइल इंजिने यांची दुरुस्ती करता करता येथील मिस्त्रींनी ती यंत्रे स्वतःच बनविण्यास आरंभ केला. शिवाजी उद्यमनगर ही या कौशल्याची जुनी पेठ होय. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काळात शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींमुळे या उद्योगाला विस्तारास जागा लाभली.

त्याबरोबर ग्राहकही पालटला. चरकाच्या लाटेवर एखादा खळगा राहिला तरी ऊस गाळला जात असे. इंजिनाच्या भागातील तेवढाच खळगा मात्र तेल गळतीला किंवा भाग तुटण्याला कारण होऊ शकतो. म्हणून आजचा ग्राहक नग मोजून, कापून, प्रसंगी क्ष-किरणांनी तपासून घेतो. पूर्वी नजरेआड होणारा दोष आता पुढील मागणी राहणार की जाणार, हे ठरवितो.

नापसंत नगाची किंमत

नापसंत नग पुन्हा भट्टीत टाकता येतो. मग नुकसान ते काय, असे सामान्य वाचकास वाटण्याचा संभव आहे. धातू परत मिळतो हे खरे, परंतु वीज परत मिळत नाही. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळविण्यास साधारणपणे ५५० ते ६५० युनिट वीज लागते. उदाहरणादाखल, महिन्याला २०० टन ओतकाम करणाऱ्या एखाद्या ओतशाळेत नापसंतीचे प्रमाण ८ टक्के आहे असे समजू. म्हणजे १६ टन नग वाया गेले आणि टनास ६०० युनिट धरल्यास ९,६०० युनिट वीज व्यर्थ खर्ची पडली. प्रमाण निम्म्यावर आले तर केवळ वितळविण्याच्या कामात महिन्याला ४,८०० युनिट वाचतील. साचे, गाभे, मजुरी आणि ग्राहकाला दिलेला शब्द यांचा हिशेब याहून निराळाच.

दिसण्यात सारखी, कुळे वेगवेगळी

ओतकामातील दोषांचे आंतरराष्ट्रीय पातळीवर सात वर्ग मानले जातात : धातूचे अनावश्यक उंचवटे, पोकळ्या, तडे वा खंड, सदोष पृष्ठभाग, अपुरा नग, चुकीचे माप वा आकार आणि नको असलेल्या पदार्थांचा अंतर्भाव किंवा धातूच्या रचनेतील बिघाड. दोषाचे नाव अचूक ठरविणे ही शोधाची पहिली पायरी होय. नाव चुकले की उपाय चुकतोच.

पोकळीचेच उदाहरण घेऊ. तपासणीच्या मेजावर तिला सरसकट ‘ब्लोहोल’ म्हटले जाते. परंतु भिंग घेऊन पाहिले तर भेद कळू लागतात. पोकळी गोलसर व आतून गुळगुळीत असेल तर ती बहुधा अडकून पडलेल्या वायूची असते. जाड भागात असून आतली भिंत खडबडीत, झाडाच्या बारीक फांद्यांसारखी दिसत असेल, तर धातू गोठताना आकसला आणि त्याची भरपाई झाली नाही, असे समजावे. पोकळीत काचेसारखा वा राखाडी अवशेष आढळला, तर भट्टीतील किंवा लॅडलमधील मळी, म्हणजे स्लॅग, रसाबरोबर साच्यात शिरली असावी.

या तिन्हींवर एकच औषध चालत नाही. रस थंड असल्यामुळे मळी वेगळी न होता आत राहिली असेल, तर ओतण्याचे तापमान वाढवावे लागते. आकसण्यामुळे पोकळी पडली असताना तापमान वाढविले, तर मात्र दोष बळावतो. नावाची गफलत किती महाग पडते, हे यावरून ध्यानात येईल.

दोष एकीकडे, मूळ दुसरीकडे

दोष जेथे दिसतो तेथेच तो जन्मला असेल असे नाही. करड्या बिडाचे वैशिष्ट्य असे की, गोठताना त्यातील कार्बन ग्रॅफाइटच्या रूपाने वेगळा होतो आणि प्रसरण पावतो. हे प्रसरण आकसण्याची पुष्कळशी भरपाई करते. मात्र त्यासाठी साच्याची भिंत घट्ट असावी लागते. वाळू नीट ठासलेली नसेल तर भिंत मागे सरकते, प्रसरणाचा जोर बाहेर खर्च होतो आणि नगाच्या पोटात पोकळी राहते. भट्टीवाला रसायनाचे प्रमाण तपासत बसतो आणि मूळ मात्र साचा ठासणाऱ्या यंत्राच्या कमी झालेल्या हवेच्या दाबात असते.

याउलट, वाळू प्रमाणाबाहेर ठासली किंवा तीत बारीक भुकटी वाढली, तर वायूला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. म्हणून वाळूतील ओलावा, ताकद आणि वायू जाऊ देण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी दर पाळीत नियमाने मोजाव्या लागतात. मुठीत वाळू दाबून अंदाज घेण्याचे जुन्या मिस्त्रींचे कसब मोलाचे आहे. परंतु त्या अंदाजाची नोंद राहत नाही. आकडा राहतो.

पावसाळ्याची परीक्षा

कोल्हापूरच्या पावसाची तीव्रता वेगळी सांगावयास नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुरामुळे शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. असे संकट दर वर्षी येत नाही; हवेतील दमटपणा मात्र प्रत्येक पावसाळ्यात ओतशाळेत शिरतो. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान दीड हजार पटींहून अधिक वाढते. त्यामुळे चमचाभर ओलावाही साच्यात मोठा उत्पात घडवू शकतो.

अशा दिवसांत नगाच्या वरच्या अंगाला छिद्रे दिसू लागली की, “मिस्त्री, आज वाळूत पाणी जास्त पडलं का?” असे सहज विचारले जाते. वाळूची नोंद पाहावी तर ओलावा नेहमीइतकाच. मग पाणी आले कोठून? सोडियम सिलिकेट मिसळून कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट केलेले गाभे दमट हवेत ठेवले तर ओल शोषून घेतात. गाभ्याला आधार देणारे लोखंडी तुकडे गंजलेले वा दवाने ओले असू शकतात. लॅडलचे नवे अस्तर पुरते वाळलेले नसते. ‘पाणी’ हे उत्तर बरोबर असूनही, ज्याच्याकडे बोट दाखविले गेले तो मिस्त्री निर्दोष असतो.

कारणामागचे कारण

जपानी कारखान्यांनी रूढ केलेली ‘का?’ हा प्रश्न पुनःपुन्हा विचारण्याची पद्धत येथे उपयोगी पडते. समजा, नगात वायूचे छिद्र पडले. का? गाभ्यातील वायू बाहेर गेला नाही. का? गाभ्याची वायुवाट बंद झाली होती. का? गाभा टेकण्याच्या जागी फट राहून तीत रस शिरला. का? गाभा बनविण्याची पेटी झिजल्याने गाभ्याचे टोक बारीक होत होते. का? पेटीचे माप किती नगांनंतर तपासावे, हे कोठेच ठरलेले नव्हते. पहिल्या उत्तरापाशी थांबलो असतो तर गाभा बसविणाऱ्या कामगारास समज देऊन प्रकरण मिटले असते आणि आठवड्याने तोच दोष पुन्हा दिसला असता.

जपानी तज्ज्ञ काओरू इशिकावा यांची माशाच्या काट्यासारखी आकृतीही अशीच उपयुक्त आहे. माशाच्या डोक्याशी दोष लिहावयाचा आणि माल, यंत्र, पद्धत, मनुष्यबळ, मोजमाप व परिसर या काट्यांवर संभाव्य कारणे मांडावयाची. एका कोऱ्या कागदावर हे काम होते. त्यात भट्टीवाला, साचेवाला, गाभेवाला आणि तपासनीस यांना एकत्र बसावे लागते, हाच तिचा मोठा लाभ.

शोधाची शिस्त

छोट्या ओतशाळेलाही पाळता येतील असे काही नियम पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. नापसंत नग तत्काळ भट्टीत टाकू नये. नमुन्याचे नग तारीख, पाळी व वितळणीचा क्रमांक लिहून बाजूला ठेवावेत. नग वितळला की पुरावाही वितळतो.

२. नगाचे रेखाचित्र भिंतीवर लावून दोष आढळला त्या जागी खूण करावी. खुणा एकाच जागी दाटल्या तर पॅटर्न, गाभा किंवा रसाचा मार्ग तपासावा. विखुरल्या तर वाळू किंवा रस.

३. दोषांची प्रकारवार मोजणी करून ज्याचे प्रमाण सर्वांत अधिक, तो आधी हाती घ्यावा.

४. एका वेळी एकच बदल करावा. तापमान, वाळू आणि रसाचा मार्ग एकदम बदलले तर गुण कशाने आला हे कळत नाही.

५. दोष नाहीसा झाल्यावर केलेला बदल लेखी नियमात उतरवावा. अन्यथा पुढील पाळी जुन्याच वाटेने जाते.

या नियमांना मोठे भांडवल लागत नाही. लागते ती नोंदीची सवय आणि विचारण्याची मोकळीक. ज्या ओतशाळेत दोष दाखविणाऱ्याला बोलणी बसतात, तेथे दोष झाकले जातात आणि ते ग्राहकाच्या दारी उघडे पडतात. याउलट, “आज माझ्याकडून ठासणी कमी झाली,” असे कामगार निर्भयपणे सांगू शकतो, तेथे मूळ कारण अर्धे सापडल्यासारखेच असते. चरक दुरुस्त करता करता इंजिन उभे करणाऱ्या कोल्हापूरच्या मिस्त्रींनी बिघाडालाच गुरू मानले होते. तपासणीच्या मेजावरचा नापसंत नगही तसाच गुरू आहे. त्याला भट्टीत टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.