श्रद्धा आणि रोजचे काम: अमेरिकेतील ठळक नोंदी

● पाचारण: उपजीविकेचे प्रामाणिक काम हीदेखील देवाने सोपवलेली सेवा होय, असा या संज्ञेचा अर्थ असून 16व्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी ती धर्मगुरूंपुरती न ठेवता सर्व व्यवसायांना लागू केली, 17व्या शतकात प्युरिटन वसाहतकारांबरोबर हा विचार अमेरिकेत रुजला.

● शास्त्राधार: कलस्सैकरांस पत्र 3:23 मध्ये प्रत्येक काम प्रभूसाठी मनापासून करण्याचा उपदेश आहे, तर योहान 13 मध्ये येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो.

● सेवक-नेतृत्व: आधी सेवा, मग नेतृत्व, अशी ही संकल्पना एटी अँड टी कंपनीतून निवृत्त झालेले क्वेकर पंथीय रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970च्या निबंधात मांडली.

● रविवार: ट्रूएट कॅथी यांनी 1946 मध्ये अटलांटाजवळ उघडलेले उपाहारगृह रविवारी बंद असे, त्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘चिक-फिल-ए’ साखळीने हा नियम आजही पाळला आहे.

● कायदा: 1964च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण 15 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत धर्मावरून भेदभावास मनाई करते, आणि 1972च्या दुरुस्तीने कर्मचाऱ्याच्या धर्माचरणासाठी वाजवी सोय करणे मालकावर बंधनकारक झाले.

● निकाल: रविवारी पार्सल वाटपास नकार देणारे टपाल कर्मचारी जेराल्ड ग्रॉफ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 रोजी एकमताने ठरवले की, अशी सोय नाकारण्यासाठी मालकाने व्यवसायावर भरीव वाढीव भार पडत असल्याचे दाखवले पाहिजे.