तोरणमाळची सहल : पाणी कुठे पळतं, कुठे थांबतं?

अक्कलकुव्याच्या मुलांना डोंगर काही नवा नाही. मग त्यांना डोंगरावरच सहलीला न्यायचं कशाला? एका प्रश्नासाठी. पावसाळ्यात सातपुड्यात एवढं पाणी कोसळतं, तरी उन्हाळ्यात पाड्यावरच्या आईला हंडा घेऊन दरीत का उतरावं लागतं?

उत्तर डोळ्यांनी बघायचं तर तोरणमाळला चला. तळोदा, शहादा करत सातपायरी घाटाने वर जायचं. उंची सुमारे ११४३ मीटर. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते, म्हणून मुलांजवळ स्वेटर असू द्या.

आधी सीताखाई
पठारावरचं पाणी इथे थेट दरीत उडी घेतं. कड्यापासून लांब उभं राहून मुलांना समोरचे खडकांचे थर मोजायला सांगा. हा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. मऊ थर आधी झिजतो, टणक थर टिकतो आणि उभा कडा तयार होतो. उतारावर माती थोडी, अखंड खडकात पाणी फारसं मुरत नाही. म्हणून पाऊस थांबला की धबधबा रोडावतो. मुलांच्या घरच्या बोलीत धबधब्याला काय म्हणतात, तेही विचारा.

मग यशवंत तलाव
पाऊस तोच, खडकही तोच. पण इथे जमीन खोलगट, म्हणून पाणी थांबलं. हिमालयातली कित्येक सरोवरं हिमनद्यांनी कोरली आणि बर्फाच्या पाण्याने भरली. आपला तलाव पावसावर भरतो.

एक छोटा प्रयोग
एक बाटली पाणी उघड्या उतारावर ओता, दुसरी गवताळ उतारावर. कुठलं पाणी आधी खाली पोचलं? मुलंच सांगतील.

काळजी
दर १० मुलांमागे १ मोठं माणूस हवंच. प्रवाहात कुणालाही उतरू देऊ नका. वर पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. जोराचा पाऊस असेल तर सहल सरळ पुढे ढकला.

परत आल्यावर वर्गात आपल्या पाड्याचा नकाशा काढून घ्या. पाणी कुठून पळतं? समतल चर कुठे खणता येतील, बांध कुठे घालता येईल, झाडं कुठे लावता येतील? तो नकाशा मुलांनी घरी आईला दाखवावा. पाण्याची वाट तिच्याइतकी कुणाला ठाऊक? तिने सुचवलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी नकाशात आली, की धडा पूर्ण झाला.