छंद नऊ व्होल्टचा, मोह दोनशे तीसचा

गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली, की आधी ते शेजाऱ्यांना कळते आणि मग घरच्यांना. टाकी भरताच वाजणारा छोटा बझर घरच्या घरी बनवता येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदाची सुरुवात करायला इतके सोपे आणि उपयोगाचे काम क्वचितच सापडेल.

त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी, बॅटरीवर चालणारा बझर, ‘बीसी ५४७’ हा ट्रान्झिस्टर, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि थोडी वायर एवढे पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सुटे भाग सहज मिळतात. टाकीच्या वरच्या भागात स्टीलचे दोन स्क्रू थोड्या अंतरावर बसवायचे. तांब्याची उघडी तार नको, ती पाण्यात लवकर गंजते. बॅटरीचे धन टोक एका स्क्रूला जोडायचे. दुसऱ्या स्क्रूची वायर रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला न्यायची. एमिटर ऋण टोकाला आणि बझर धन टोक व कलेक्टर यांच्यामध्ये.

नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून अगदी थोडा प्रवाह वाहतो. पाणी दोन्ही स्क्रूंना टेकले, की तो बेसपर्यंत पोहोचतो आणि ट्रान्झिस्टर स्विचसारखा काम करून बझर सुरू करतो. पाणी खाली असताना प्रवाह जवळजवळ शून्य, त्यामुळे बॅटरी बराच काळ टिकते. जोडणी आधी ब्रेडबोर्डवर करून पाहिली, तर सोल्डरिंगचीही गरज नाही. चूक झालीच, तर फार तर एखादा ट्रान्झिस्टर जातो. कोरड्या हातांना ९ व्होल्टचा झटका जाणवतही नाही.

बझर वाजला, की पुढचा विचार हमखास येतो: पाण्याचा पंपही आपोआप बंद झाला तर? नेमके इथेच थांबायला हवे. कारण पंप २३० व्होल्टवर चालतो आणि शेजारी पाणी असते.

शरीरातून साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर झिणझिण्या येतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडू लागतात आणि हातात धरलेली वायर सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडतो. ओल्या शरीराचा रोध दोन हजार ओहमपर्यंत उतरला, तर २३० व्होल्टला ११५ मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. तेव्हा पंपाची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. ट्रान्सफॉर्मरशिवाय, केवळ कपॅसिटर लावून घरच्या विजेचा दाब उतरवणारी सर्किटेही नवशिक्यांनी टाळावीत. त्यांतला कोणताही भाग जिवंत वायरइतकाच घातक ठरू शकतो.

बॅटरीच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उलटा जोडला, तर तापून फुटू शकतो. मोबाइलच्या जुन्या, फुगलेल्या बॅटऱ्या वापरू नयेत; त्या पेट घेऊ शकतात. सोल्डरिंग करताना निघणारा धूर मुख्यतः फ्लक्समधल्या राळेचा असतो. तो दम्याला निमंत्रण देतो, म्हणून खिडकी उघडी हवी. नेहमीच्या सोल्डरमधले शिसे मात्र धुरातून नव्हे, तर बहुधा हातांवाटे पोटात जाते. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, मध्येच खाऊ-पिऊ नये. लहान मुले आणि गर्भवती महिला असतील, तर शिसेविरहित सोल्डर बरे.

बटण सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो. तसा नुसता संशय आला, तरी मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

एवढी काळजी घेतली, तर हा छंद शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत सगळ्यांना जमण्यासारखा आहे. टाकीच्या बझरनंतर अंधार पडताच लागणारा एलईडी किंवा ‘५५५’ या आयसीवर लुकलुकणारा दिवा करून पाहता येईल. दोन्ही त्याच ९ व्होल्टवर चालतात.