बियाण्याचे बिल जपता, मग सांध्याचे का नाही?



कपाशीचे बियाणे आणले की आपण रिकामे पाकीट व दुकानदाराचे बिल जपून ठेवतो. उगवण फसली तर त्यांच्याच आधारे तक्रार करता येते. पण शरीरात बसवलेल्या सांध्याचे, सळईचे किंवा पेसमेकरचे कागद बहुतेक घरांत सापडत नाहीत. हे कागद किती मोलाचे, ते एका प्रकरणावरून सांगतो.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा धातूचा कृत्रिम खुबा होता. धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात उतरू लागले. वेदना वाढल्या. कित्येकांवर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोवर भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण धसास लावले. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारने समिती नेमली आणि २०१८ च्या अखेरीस वय व अपंगत्व पाहून ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या घरापर्यंत भरपाईचे सूत्र ठरवले. कंपनीने ते मान्य केले नाही; वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पण त्याहून दुःखाची गोष्ट ही, की समितीच्या काळात जेमतेम हजारभर रुग्णांचाच पत्ता लागला. बाकीच्यांच्या शरीरात काय आहे, हे कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल.

म्हणून आम्ही सुचवतो:

१. शस्त्रक्रियेनंतर उपकरणाचे स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल व क्रमांक असतो.

२. बिल, डिस्चार्ज कार्ड व एक्स-रे एकाच पिशवीत ठेवा.

३. त्रास वाढला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांकडून लेखी मत घ्या.

४. पैसे मोजून घेतलेले उपकरण सदोष निघाले, तर २०१९ च्या ग्राहक कायद्याने उत्पादकही जबाबदार ठरतो. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मात्र साधारणतः दोन वर्षांच्या आत.

भरपाई मागणे म्हणजे लोभ, असे काहींना वाटते. त्यांनी तोबितचे पुस्तक उघडावे. वृद्ध, अंध तोबितने वीस वर्षांपूर्वी ठेवायला दिलेली चांदी मुलाकरवी परत मागवली. ती मिळाली कशी? त्याने करारपत्र जपले होते म्हणून. देवाने देवदूत पाठवला खरा, पण त्याच्या हातीही कागद द्यावाच लागला!