उंच खिडक्या, पाण्याचा दांडा आणि सुटा होणारा जोड



शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या बाहेरून कशा पुसायच्या? बहुतेक ठिकाणी याची तीनच उत्तरं असतात. कुणीतरी एका हाताने चौकट धरून अर्धं अंग बाहेर काढतं. नाहीतर बाकावर स्टूल, स्टुलावर माणूस. नाहीतर खालूनच पाइपाचा फवारा मारायचा. पहिल्या दोन उत्तरांत माणूस पडायची भीती, तिसऱ्यात पाण्याची नासाडी. आणि आपल्या नांदगाव तालुक्यात पाण्याची नासाडी ही काही छोटी गोष्ट नाही. गिरणा धरण आपल्याच तालुक्यात, पण आपण पर्जन्यछायेतले. शेजारच्या मनमाडकरांनी तर कित्येक उन्हाळे पंधरा-वीस दिवसांनी येणाऱ्या नळावर काढलेत.

आता या प्रश्नात आणखी एक भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून घरांच्या छतांवर सौर पॅनेल वाढू लागली आहेत. त्यांच्यावर धूळ बसली की वीज कमी तयार होते, म्हणजे तीही धुवावी लागतात.

यावर एक साधं साधन आहे : पाण्याचा दांडा. आज आपण तो कसा चालतो, त्याला सुटा होणारा जोड कसा द्यायचा, आणि यातून मुलांना काय शिकवता येतं ते पाहू.

पाण्याचा दांडा म्हणजे काय?

लांब, हलका दांडा. त्याच्या टोकाला मऊ ब्रश. दांड्याच्या आतून किंवा बाहेरून वर गेलेली बारीक नळी. खालून पाणी सोडलं की ते थेट ब्रशमध्ये येतं. घासणं आणि धुणं एकाच वेळी होतं आणि माणसाचे पाय जमिनीवरच राहतात.

ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामासाठी नियम लागू झाले. जे काम वर न चढता होऊ शकतं ते खालूनच करावं, असा त्या नियमांचा रोख आहे. त्यानंतर तिथले खिडक्या पुसणारे शिडी सोडून मोठ्या प्रमाणावर अशा दांड्यांकडे वळले. म्हणजे मुळात हे साधन माणूस पडू नये म्हणून पसरलं, हे लक्षात ठेवायला हवं.

मग जोड कशाला?

साध्या दांड्यात नळी कायमची बसवलेली असते. दांडा एका खिडकीकडून दुसरीकडे नेताना मागून तीस मीटर पाइप फरफटत येतो, पिळे पडतात, झाडाच्या बुंध्यात अडकतो. पाइप सोडवावा म्हटलं, तर कुणीतरी नळापर्यंत पळत जाईपर्यंत पाणी वाहत राहतं. नळ बंद केला तरी पाइपात पाणी उरतंच. किती? मुलांना हिशोब करायला लावा. अर्धा इंची पाइपाचा आतला व्यास सुमारे १२.७ मिमी. म्हणजे एका मीटरमध्ये साधारण १२७ मिली आणि तीस मीटरमध्ये सुमारे ३.८ लीटर. दिवसातून चार वेळा पाइप सोडून गुंडाळला तर पंधरा लीटर पाणी काहीही न धुता मातीत गेलं.

बागेच्या पाइपाला लावतात ते क्विक कनेक्टर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ते दोन प्रकारचे असतात. एक साधा, सोडला की पाणी वाहू देणारा. दुसरा आत छोटी झडप असलेला, म्हणजे सोडल्याबरोबर स्वतः बंद होणारा. आपल्याला दुसरा हवा. दुकानात 'वॉटर स्टॉपवाला' म्हणून मागा.

जोड कुठे द्यायचा, हेच महत्त्वाचं

सुटा होणारा जोड दांड्याच्या खालच्या टोकाला द्यायचा, वर ब्रशजवळ नाही. याचं कारण सहावीच्या 'साधी यंत्रे' या पाठातल्या तरफेत आहे. दांडा तिरपा धरला की त्याच्या टोकाचं वजन हाताला कितीतरी जास्त जाणवतं. हातापासून आडव्या अंतरात ४ मीटरवर लावलेला १०० ग्रॅमचा जोड, हातापासून १ मीटरवर टांगलेल्या ४०० ग्रॅमइतका ओढतो. तोच जोड हाताजवळ असेल तर जाणवतही नाही.

नळीचंही तसंच. अर्धा इंची पाइप ५ मीटर वर नेला तर त्यात सुमारे ६३५ ग्रॅम पाणी उभं राहतं. ८ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत तेवढ्याच लांबीत फक्त २५० ग्रॅम. म्हणून जमिनीवर जाड पाइप आणि दांड्यावर बारीक नळी. या दोघांची गाठ जिथे पडते तिथेच आपला जोड.

दुसरी गोष्ट : कुठला भाग कुणाला? झडपेचा भाग पाइपाला, साधा भाग दांड्याला. सोडल्यावर पाइपातलं पाणी अडायला हवं, पण दांड्यातलं निथळून जायला हवं. उलटं केलं तर पाइप वाहत राहील आणि दांड्यातलं पाणी तिथेच कोंडून नळीत शेवाळ धरेल. निथळणारं पाणी खाली बादलीत घ्या, झाडाला घाला.

साहित्य

१. रंगकामासाठी मिळणारा, लांब-आखूड होणारा दांडा
२. गाडी धुण्यासाठी मिळणारा, आतून पाणी येणारा मऊ ब्रश
३. ८ मिमी आतल्या व्यासाची लवचीक नळी (दांड्याच्या पूर्ण लांबीपेक्षा अर्धा मीटर जास्त)
४. अर्धा इंची पाइपासाठी झडपेचा क्विक कनेक्टर
५. नळाला लावायचा अर्धा इंची अडॅप्टर (ज्यावर कनेक्टर खटकन बसतो)
६. अर्धा इंची छोटा कॉक, एका बाजूला बाहेरून आटे, दुसऱ्या बाजूला आतून आटे
७. एका टोकाला अर्धा इंची आटे आणि दुसऱ्या टोकाला ८ मिमी नळी बसेल असा पितळी निप्पल
८. होज क्लिप, टेफ्लॉन टेप, केबल टाय, जादा वायसर

जाताना नळीचा तुकडा आणि ब्रश सोबत न्या. अंदाजाने आणलेला निप्पल हमखास एक माप इकडे-तिकडे निघतो.

कृती

१. निप्पलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-दहा फेरे. उलट गुंडाळली तर फिट करताना टेप सुटून बाहेर येते.

२. निप्पल कॉकमध्ये फिरवा. कॉकचं दुसरं टोक अडॅप्टरमध्ये फिरवा. अडॅप्टर प्लास्टिकचा असतो, तेव्हा हाताने घट्ट झाल्यावर पान्याने जोर लावू नका, चिरतो. आतला वायसर जागेवर आहे ना ते बघा. गळती बहुतेक वेळा तिथूनच होते.

३. नळीचं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरा, मऊ झालं की निप्पलवर सरकवा आणि क्लिप आवळा. आगीवर धरू नका.

४. नळीचं दुसरं टोक ब्रशला लावून तिथेही क्लिप आवळा. इथे खटक्याचा जोड नको. डोक्यावर निखळला तर आंघोळच!

५. दांडा पूर्ण लांब करा आणि मगच नळी केबल टायने बांधा. टाय सैल ठेवा, म्हणजे दांडा आखूड करताना नळी सरकेल. कॉक हाताला येईल अशा बेताने खालच्या टोकाला पक्का बांधा.

६. पाइपाला झडपेचा कनेक्टर बसवा. आता अडॅप्टरवर दाबला की 'खट्' आवाज येतो. एकदा ओढून बघा आणि पाणी सोडून पाच मिनिटं जमिनीवरच तपासा. नंतरच दांडा वर करा.

कनेक्टरमधल्या रबरी कड्यावर आपल्याकडची माती बसली की तो गळायला लागतो. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन ठेवा, पाइपाचं तोंड धुळीत टाकू नका.

पाणी वर का चढत नाही?

आठवीच्या 'बल व दाब' या पाठाचा खरा उपयोग इथे आहे. पाण्याच्या १० मीटर उंचीमुळे साधारण १ बार दाब मिळतो. समजा, शाळेच्या टाकीतल्या पाण्याची पातळी जमिनीपासून ८ मीटरवर आहे. मग १ मीटर उंचीच्या नळावर ७ मीटरचा, म्हणजे सुमारे ०.७ बार दाब. ब्रश ५ मीटरवरच्या खिडकीशी नेला की फक्त ३ मीटरचा, ०.३ बार. ब्रश ८ मीटरवर गेला की शून्य! खाली नळ कितीही जोरात येत असला तरी टाकीतलं पाणी टाकीच्या पातळीवर चढत नाही. त्यात झडप आणि बारीक नळीतल्या घर्षणाने प्रत्यक्ष धार आणखी कमी होते.

म्हणून पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना छतावरची टाकी पुरते, पण छतावरच्या पॅनेलला पुरत नाही. तिथे आपल्या ओळखीचा उपाय आहे : १६ लीटरचा बॅटरीवर चालणारा फवारणी पंप. मात्र तो कोरा, कधीच औषध न भरलेला हवा. कीटकनाशकाचा पंप कितीही धुतला तरी शाळेत वापरायचा नाही. पंपाची बंदूक काढून नळीला झडपेचा कनेक्टर लावायचा. पंपाचे आटे आणि नळीचं माप आपल्या अर्धा इंची सामानाशी जुळतीलच असं नाही, म्हणून पंपच दुकानात घेऊन जा. त्यात दाब वाढल्यावर आपोआप बंद होणारा स्विच आहे ना, हेही विचारा. तो नसेल, किंवा पाइप थेट मोटरीवर लावला, तर कनेक्टर सोडताच पाणी अडतं, दाब चढतो आणि पाइप कुठूनतरी उडतो. आधी पंप बंद, मग जोड सुटा, ही सवय लावा.

पंपाचा आणखी एक फायदा म्हणजे पाणी मोजून वापरलं जातं. टाकी संपली की सोळा लीटर संपले. पाइपाने धुताना हा हिशोब कुणाच्याच लक्षात राहत नाही.

काचेवरचे पांढरे डाग

आपल्याकडे जमिनीखाली काळा बसाल्ट. त्यातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. काच धुतली, पाणी वाळलं, क्षार काचेवरच राहिले. समजा, पाण्यात लीटरला १००० मिलीग्रॅम क्षार आहेत आणि काचेवर २० मिली पाणी राहिलं. ते वाळल्यावर २० मिलीग्रॅम पांढरी भुकटी मागे राहणार. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लीटरला ५०० मिलीग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणी काचेला चालेलच असं नाही.

परदेशातले व्यावसायिक म्हणूनच जवळजवळ क्षारमुक्त पाणी वापरतात आणि काच पुसतही नाहीत, तशीच वाळू देतात. आपल्यासाठी ते पाणी आभाळातून येतं. पहिल्या एक-दोन पावसांत छत धुऊन निघालं की नंतरचं पाणी गाळून झाकण असलेल्या पिंपात साठवा. बोअरचं वापरायचं असेल तर शेवटी रबरी वायपर फिरवा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी पहिल्या धुण्याला चालेल, शेवटच्या धारेला नको. त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात.

हे नियम मोडायचे नाहीत

विजेच्या तारेजवळच्या खिडकीसाठी हा दांडा वापरायचाच नाही. दांडा बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात पाणी. ओला बांबूही सुरक्षित नाही. आपल्या गावातून जाणाऱ्या रेल्वेच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात आणि अशा तारेला स्पर्श न करताही, नुसतं जवळ गेल्यानेही झटका बसू शकतो. दांडा उभा करण्याआधी मान वर करून बघायचं, हा पहिला नियम.

सौर पॅनेल सकाळी लवकर धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. पॅनेलवर पाय देऊ नका आणि छताला कठडा नसेल तर हे काम करूच नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं : दांडा मोठ्या माणसाच्याच हातात. मुलांकडून शाळेच्या खिडक्या पुसून घेण्याची ही युक्ती नाही.

मुलांसाठी काय?

मुलांचा प्रयोग जमिनीवरच. ब्रश बादलीत धरून एक लीटर पाणी भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. आता शिक्षकांनी ब्रश एक मीटर वर धरावा, मग दोन मीटर, आणि पडणारं पाणी बादलीत घेऊन पुन्हा मोजावं. मुलांनी आलेख काढावा. नंतर झडपेचा कनेक्टर काढून त्या जागी साधा लावा आणि फरक बघा. शेवटी एकच प्रश्न विचारा : 'टाकीला हात न लावता धार वाढवायची असेल तर काय काय करता येईल?' नळी जाड करा, लांबी कमी करा, ब्रश खाली आणा, अशी उत्तरं मुलं स्वतः शोधतात.

पालकांनी घरीही एक करून बघावं. एका काचेवर बोअरच्या पाण्याचा थेंब, शेजारी पावसाच्या पाण्याचा. वाळू द्या आणि मुलाला विचारा, डाग कुणाचा जास्त आणि का?

तुमच्या शाळेच्या टाकीची उंची आणि सर्वांत वरच्या खिडकीची उंची आधी मोजून घ्या. त्या दोन आकड्यांवरून टाकी पुरेल की पंप लागेल हे ठरेल. सामानाची यादी त्यानंतर करा.